अंडी विखुरणाऱ्या माशांची घरी पैदास : आधी खाद्य, मग टाकी, शेवटी मासे

झेब्रा, रोझी बार्ब, टायगर बार्ब आणि गोल्डफिश हे मासे घरटे बांधत नाहीत आणि अंड्यांची राखणही करीत नाहीत. मादी पोहता पोहता अंडी सोडते, नर त्याच क्षणी तिच्या अंगाला लगटून रेत सोडतो आणि फलित झालेली अंडी तळाशी पडतात किंवा पानांना चिकटतात. पुढच्या काही मिनिटांत तेच आईबाप ती अंडी वेचून खाऊ लागतात.

घरी पैदास करू पाहणाऱ्या बहुतेकांना अंडी मिळतात, पण पिल्ले मिळत नाहीत. याचे कारण कामाचा क्रम चुकतो हे आहे. नर-मादी एकत्र सोडल्यानंतर टाकीची जुळवाजुळव सुरू होते आणि पिल्ले पोहू लागल्यावर त्यांच्या खाद्याचा शोध सुरू होतो. मीही पहिल्या वर्षी हेच केले. सकाळी तळाशी अंडी पाहून समाधानाने कामावर गेलो आणि संध्याकाळी परत आलो तेव्हा एकही अंडे शिल्लक नव्हते. दुसऱ्या वेळी अंडी वाचली, शंभरेक पिल्ले पोहू लागली, परंतु खाद्याची बरणी मी त्याच दिवशी भरली आणि ती तयार होण्याआधीच पिल्ले उपाशी मेली. म्हणून पुढील सर्व टप्पे उलट्या क्रमाने, म्हणजे आधी खाद्य, मग टाकी आणि शेवटी मासे, असे दिले आहेत. मुख्य विवेचन झेब्रा माशाचे आहे, कारण खानदेशातील पाण्यात नवशिक्याला यश देणारा तोच मासा आहे. रोझी बार्ब आणि गोल्डफिश यांच्या बाबतीत जे बदलते ते शेवटी सांगितले आहे.

टप्पा १ : मासा आणि महिना निवडणे

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत लहान टाकीचे पाणी सहज ३४ अंशांच्या पुढे जाते. अशा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो आणि अंड्यांवर बुरशी लवकर चढते. म्हणून हे दोन महिने पैदाशीसाठी सोडून द्यावेत. डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान १० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते, तेव्हा हीटर असला तरी पहाटे लाईट गेल्यास पंधरा-वीस लिटरची टाकी काही तासांत गार पडते. झेब्रासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, फेब्रुवारी ते मार्चचा मध्य आणि पाऊस स्थिरावल्यानंतरचे जुलै-ऑगस्ट हे महिने सोपे जातात.

नियॉन टेट्रापासून सुरुवात करू नये. त्याला अतिशय मृदू (क्षार फार कमी असलेले), किंचित आम्ल पाणी आणि अंड्यांसाठी अंधार लागतो. येथील कठीण पाण्यात ते जमवण्याचा खटाटोप नवशिक्याने करण्यात अर्थ नाही.

मासे दुकानातून आणल्या आणल्या पैदाशीला लावू नयेत. सहा ते आठ तरुण मासे घेऊन ते किमान तीन आठवडे घरच्या टाकीत रुळू द्यावेत. झेब्राची मादी पोटाला गोल आणि रुपेरी दिसते. नर सडपातळ असून त्याच्या निळ्या पट्ट्यांमध्ये पिवळसर सोनेरी झाक असते. हा फरक मासे उपाशी असताना, सकाळी खाद्य देण्यापूर्वी पाहावा, कारण भरपेट खाल्लेला नरही मादीसारखा दिसतो.

टप्पा २ : पाणी तयार करणे (पंधरा दिवस आधी)

नळाचे पाणी, मग ते जळगावात वाघूर धरणाचे असो वा भुसावळला तापीचे, क्लोरीन मिसळूनच येते. क्लोरीन मोठ्या माशालाही घातक ठरू शकते, अंड्याला आणि पिल्लाला तर अधिकच. हे पाणी रुंद तोंडाच्या ड्रममध्ये २४ ते ४८ तास हवा सोडून ठेवावे. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की घरात तुरटी फिरवण्याची पद्धत आहे. ते पाणी टाकीसाठी वापरू नये, कारण तुरटीने पाण्याचा सामू (पीएच) उतरतो.

बोअरचे पाणी क्लोरीनविरहित असते, पण आपल्याकडच्या काळ्या खडकातून येणारे हे पाणी बहुधा कठीण असते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर ३०० पर्यंत आकडा आला तर झेब्रासाठी ते पाणी तसेच चालते. आकडा ६००-७०० असेल, तर निम्मे बोअरचे आणि निम्मे आरओचे पाणी मिसळावे. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये. त्यात क्षार जवळपास नसल्याने सामू स्थिर राहत नाही. पावसाचे पाणी मृदू असते, मात्र पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी छतावरची धूळ घेऊन येते, ते सोडून द्यावे आणि नंतरचे साठवावे.

शेतातल्या विहिरीचे पाणी फवारणीच्या दिवसांत अजिबात आणू नये. कपाशीच्या हंगामात फवारणीचे पंप विहिरीजवळच भरले आणि विसळले जातात. बादलीचेही तसेच आहे : जिच्यात एकदा कीटकनाशक कालवले, ती बादली कितीही घासली तरी माशांच्या कामाची राहत नाही. टाकीसाठी एक बादली, एक मग आणि एक नळी नवी घ्यावी, त्यांवर खूण करावी आणि घरातील सर्वांना ती खूण सांगून ठेवावी. साबणाच्या हाताने टाकीत हात घालणे ही यातलीच दुसरी चूक आहे.

तपासणी : तयार पाण्याचा सामू ७ ते ७.५ च्या आसपास असावा, त्याला कसलाही वास नसावा आणि त्यात सोडलेला एक मासा दोन दिवस स्वस्थ राहावा. तोवर पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : खाद्याच्या बरण्या (दहा दिवस आधी)

बहुतेकांची पिल्ले याच टप्प्याअभावी मरतात. झेब्राचे पिल्लू पोहू लागते तेव्हा त्याची लांबी सुमारे ४ मिलिमीटर असते आणि तोंड इतके बारीक असते की दुकानातील खाद्य कितीही चुरडले तरी त्यात मावत नाही. त्याला लागतात ते इन्फ्युसोरिया, म्हणजे पॅरामेशियमसारखे पाण्यातील सूक्ष्म जीव. ते विकत घ्यावे लागत नाहीत, पण तयार होण्यास एक आठवडा घेतात.

तीन ते पाच लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. तिच्यात जुन्या, निरोगी टाकीतले पाणी भरावे आणि त्याच टाकीच्या स्पंज फिल्टरचा स्पंज एकदा बरणीत पिळावा; सूक्ष्म जीवांचे विरजण त्या गाळात असते. मग केळीच्या सालीचा चार बोटे रुंदीचा तुकडा किंवा केळीच्या वाळलेल्या पानाचा तळहाताएवढा तुकडा उकळून, गार करून आत टाकावा. रावेर-यावल भागात केळी दारातच मिळते, पण करपा रोगासाठी फवारलेल्या बागेतले पान घेऊ नये. बिनफवारणीच्या परसातले पान मिळाले तर ते, नाहीतर नीट धुतलेली साल घ्यावी. बरणीच्या तोंडाला पातळ कापड बांधावे, नाहीतर आत डास अंडी घालतात. बरणी उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशी ठेवावी.

पहिले दोन-तीन दिवस पाणी दुधाळ होते आणि त्याला वास येतो. ही जिवाणूंची वाढ आहे. इथेच अनेकजण बरणी बिघडली असे समजून ती ओतून टाकतात. तिला हात लावू नये. चौथ्या ते सातव्या दिवशी सूक्ष्म जीव ते जिवाणू खात जातात, पाणी निवळू लागते आणि वास जाऊन ओल्या मातीसारखा गंध येतो. अंधारात बरणीच्या एका बाजूने टॉर्च धरला, तर उजेडाच्या झोतात पिठाच्या कणांहून बारीक पांढरे ठिपके आपापल्या वाटेने सरकताना दिसतात. धूळ नुसती तरंगते किंवा खाली बसते; हे ठिपके स्वतःहून वळतात. हा फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बरणी तयार झाली असे मानू नये.

दुसरी बरणी पहिलीनंतर चार दिवसांनी लावावी. एक बरणी कधीकधी अचानक सडते आणि पिल्लांना त्या दिवशीही भूक लागलेलीच असते.

सावधान : नाल्यातले किंवा डबक्यातले पाणी बरणीत घालू नये. त्याबरोबर हायड्रा (बारीक शिकारी जलजीव) आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि दोन्ही पिल्ले खातात.

टप्पा ४ : नर आणि मादी वेगळे ठेवून खिलवणे (दहा ते चौदा दिवस)

पहिली बरणी लावली त्याच दिवशी नर आणि मादी वेगळे करावेत. दुसरी टाकी नसेल तर एकाच टाकीत काच किंवा जाळी उभी करून दोन भाग केले तरी चालते. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे खाद्य द्यावे आणि त्यात किमान एकदा जिवंत किंवा गोठवलेले खाद्य असावे : डाफ्निया (पाण्यातील पिसवांसारखे बारीक जीव), ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डासांच्या अळ्या. अळ्या घरी वाढवायच्या असतील तर भांडे झाकलेले असावे आणि रोज गाळून रिकामे करावे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि माशांच्या पैदाशीपायी घरात आजार आणणे योग्य नाही. नुसत्या कोरड्या खाद्यावर मादी अंड्यांनी भरते, पण अंडी कमी आणि कमजोर निघतात.

या काळात दिवसातून सुमारे १४ तास उजेड आणि १० तास अंधार असा ठरलेला क्रम ठेवावा. झेब्रा पहाटेच्या पहिल्या उजेडाला अंडी घालतो, म्हणून रात्री केव्हाही दिवा लावल्यास त्याचा क्रम बिघडतो. टाकी दिवाणखान्यात असेल तर रात्री तिच्यावर कापड टाकावे.

तपासणी : वरून पाहिल्यास मादीचे पोट दोन्ही बाजूंनी सारखे फुगलेले दिसले पाहिजे. एका बाजूने फुगवटा असेल, खवले उभे राहिले असतील किंवा मासा कोपऱ्यात बसून राहत असेल, तर तो आजार आहे. ती मादी घेऊ नये.

टप्पा ५ : अंड्यांची टाकी मांडणे (दोन दिवस आधी)

दीड फूट लांब आणि दहा इंच रुंद टाकीत सहा इंच पाणी भरले की ते साधारण १७-१८ लिटर होते, आणि एवढे पुरते. पाणी उथळ ठेवण्यामागे कारण आहे : अंडे तळाशी पोहोचण्यास जितका वेळ लागेल, तितका वेळ ते माशांच्या तोंडासमोर असते.

तळाशी वाळू किंवा खडी टाकू नये. वाळूत पडलेली अंडी पुन्हा काढता येत नाहीत आणि तेथेच बुरशी धरतात. अंडी आणि मासे यांच्यामध्ये आड काहीतरी हवे. त्यासाठी मुलांच्या खेळातल्या गोट्या वापरता येतात. पण वरील मापाच्या तळाला एका थरासाठीच सुमारे ५०० गोट्या लागतात आणि थर दोन असावे लागतात. म्हणून मी जाळीच पसंत करतो. सुमारे ३ मिलिमीटर छिद्रांची प्लास्टिकची कडक जाळी टाकीच्या मापाने कापून तळापासून दीड इंच उंचीवर बसवावी. झेब्राचे अंडे सुमारे १ मिलिमीटरचे असते आणि चिकट नसते, ते छिद्रातून सहज खाली उतरते.

जाळीच्या कडा काचेला घट्ट टेकल्या पाहिजेत. एका बाजूला बोटभर फट राहिली तर पाठलागात घाबरलेली मादी त्या फटीतून खाली शिरते, तिला परतीची वाट सापडत नाही आणि सकाळी ती जाळीखाली मेलेली आढळते. जाळी वर तरंगू नये म्हणून चार कोपऱ्यांत धुतलेले गुळगुळीत दगड ठेवावेत.

जाळीच्या वर एका कोपऱ्यात हिरव्या लोकरीचा झुबका किंवा बारीक पानांची वनस्पती ठेवावी. मादीला दमल्यावर आडोसा मिळतो. लोकर कृत्रिम धाग्याची घ्यावी आणि रंग सुटणे थांबेपर्यंत दोन-तीन वेळा उकळून घ्यावी. फिल्टर म्हणून जुन्या टाकीत महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर तेवढा वापरावा. पंपाचा ओढणारा फिल्टर अंडीही खेचतो आणि नंतर पिल्लेही.

तापमान २६-२७ अंश. थंडीत हीटर लावून टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोलचे पत्रे बांधावेत. लाईट गेली तरी पाणी झपाट्याने गार होत नाही आणि वरून गोधडी टाकली की आणखी काही तास निघतात. इन्व्हर्टरवर हीटर चालवण्याचा विचार करू नये, त्यावर एअर पंप तेवढा जोडावा.

टप्पा ६ : एक संध्याकाळ आणि एक सकाळ

सूर्यास्ताच्या सुमारास आधी मादी सोडावी आणि तासाभराने नर. एका मादीला दोन नर किंवा दोन माद्यांना तीन नर हे प्रमाण बरे. त्याच संध्याकाळी टाकीतले दहा टक्के पाणी काढून तेवढेच, एक-दोन अंशांनी गार, पण साठवलेले पाणी हळूहळू घालावे. पावसाच्या पाण्यासारखा हा बदल पुष्कळदा अंडी घालण्यास पुरेसा ठरतो. पाच अंशांचा झटका मात्र देऊ नये. रात्री खाद्य देऊ नये, कारण जाळीखाली उतरलेले खाद्य सडते आणि अंडी त्यातच पडतात.

टाकी अशा जागी असावी की पहाटेचा उजेड हळूहळू पडेल. उजाडल्यावर नर मादीच्या पोटाशी नाक लावून तिला झुबक्याकडे रेटू लागतात. जोडी अंगाला अंग लावून क्षणभर थरथरते आणि सुटते. त्या थरथरीत प्रत्येक वेळी काही अंडी पडतात. हे तासभर, कधी दोन तास चालते. तेवढा वेळ टाकीसमोर वावर नसावा.

पाठलाग थांबला आणि मासे जाळीवर तोंड टेकवून तळ हुंगू लागले, की लगेच सर्व मासे काढून घ्यावेत. कामावर जाणाऱ्याने हा दिवस सुटीचा निवडावा, असे मी आग्रहाने सांगतो. जाळी असली तरी चुकारपणा नको. झुबक्यावर अडकलेली अंडी जाळीच्या वरच असतात.

तपासणी : जाळीखाली टॉर्च तिरपा धरून पाहावे. फलित अंडी काचेच्या मण्यांसारखी पारदर्शक दिसतात आणि नवख्या डोळ्यांना ती दिसतच नाहीत. 'काही नाही' असे ठरवून पाणी ओतून देण्यापूर्वी तळातले थोडे पाणी नळीने पांढऱ्या बशीत घ्यावे आणि उजेडात पाहावे.

पहिल्या सकाळी काही घडले नाही तर मासे तसेच राहू द्यावेत. तिसऱ्या सकाळीही अंडी नसतील, तर नर-मादी पुन्हा वेगळे करून आठवडाभर खिलवावे. बराच काळ अंडी न घातलेल्या मादीची पहिली खेप पुष्कळदा पांढरी, निकामी निघते. त्यावरून मादी वाईट असा निष्कर्ष काढू नये. आठ-दहा दिवसांनी तिलाच पुन्हा लावावे.

टप्पा ७ : अंड्यांचे तीन दिवस

मासे आणि जाळी काढल्यावर अंडी त्याच टाकीत राहू द्यावीत. पाण्यात मेथिलिन ब्लू (बुरशी रोखणारे निळे औषध) इतकेच घालावे की पाणी फिकट निळे दिसेल, पण तळ स्पष्ट दिसत राहील. बाटल्यांमधील द्रावणाची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून थेंब मोजण्यापेक्षा रंग पाहणे सुरक्षित. औषध घालताना स्पंज फिल्टर काढून जुन्या टाकीत परत ठेवावा, कारण फिल्टरमधील उपयोगी जिवाणूंना ते औषध सोसत नाही. इथे फक्त एअर स्टोन हळू चालू द्यावा.

काही तासांतच निकामी अंडी दुधासारखी पांढरी होतात. ती दिवसातून दोन वेळा ड्रॉपरने एकेक करून काढावीत. हे कंटाळवाणे काम टाळले की एका पांढऱ्या अंड्यावरची कापसासारखी बुरशी शेजारच्या निरोगी अंड्यांवर पसरते. अर्ध्याहून अधिक अंडी पांढरी निघाली, तर दोष बहुधा नराचा, पाण्याच्या कठीणपणाचा किंवा खाद्याचा असतो. औषध वाढवून ते सुधारत नाही.

दुसऱ्या दिवशी एक अंडे थेंबभर पाण्यासह बशीत घेऊन भिंगाखाली पाहावे. पारदर्शक गोळ्यात पिल्लू अर्धचंद्रासारखे वळलेले दिसते, डोळ्यांच्या जागी दोन काळसर ठिपके येऊ लागलेले असतात आणि नीट पाहिल्यास हृदयाची फडफड दिसते. मधूनच ते पिल्लू आतल्या आत शेपटी झटकते. ही झटक दिसली की अंडे जिवंत आहे.

२८ अंशांच्या जवळपास झेब्राची अंडी ४८ ते ७२ तासांत फुटतात. पाणी गार असेल तर एखादा दिवस जास्त लागतो.

टप्पा ८ : अंडे फुटण्यापासून पोहण्यापर्यंत, आणि नंतरचे पाच दिवस

अंड्यातून निघालेले पिल्लू लगेच पोहत नाही. ते काचेला किंवा तळाला चिकटून, पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतील बलकावर दोन-तीन दिवस जगते. या काळात खाद्य देऊ नये. पिल्ले मरगळली आहेत असे वाटून उकडलेल्या अंड्याचे बलक पिळणारे या दोन दिवसांतच टाकी सडवतात.

अंडी घातल्याच्या पाचव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले आडवी होऊन पोहू लागतात. त्यापूर्वी प्रत्येक पिल्लू एकदा पृष्ठभागावर येऊन हवेचा कण गिळते आणि त्याने त्याची हवेची पिशवी भरते. पाण्यावर तेलकट साय असेल तर हे जमत नाही आणि पिल्ले तळाशीच वळवळत मरतात. म्हणून चौथ्या दिवशी कोरा कागद पृष्ठभागावर अलगद टेकवून उचलावा. साय त्याला चिकटून येते. एअर स्टोनचे बुडबुडे सेकंदाला एक-दोन एवढेच ठेवावेत. मेथिलिन ब्लूचे पाणी याच वेळी थोडे थोडे बदलून रंग उतरवावा आणि स्पंज फिल्टर परत बसवावा.

पिल्ले पोहू लागली त्याच दिवशी इन्फ्युसोरिया सुरू करावेत, दुसऱ्या दिवशी नाही. बरणीच्या वरच्या, निवळ भागातले पाणी मोठ्या ड्रॉपरने किंवा नळीने घ्यावे, तळाचा गाळ येऊ देऊ नये. पंधरा लिटरच्या टाकीला सकाळ, दुपार, संध्याकाळ कपभर ही सुरुवात समजावी. बरणीतून काढले तेवढेच साठवलेले पाणी बरणीत परत घालावे आणि आठवड्यातून एकदा सालीचा लहान तुकडा टाकावा.

खाद्य पुरते की नाही हे बरणीवरून नव्हे, पिल्लाच्या पोटावरून ठरवावे. पोट भरलेले पिल्लू भिंगाखाली पाहिले तर छातीमागे गोलसर, भरलेला भाग दिसतो. उपाशी पिल्लाचे डोके मोठे आणि मागचे अंग सुईसारखे दिसते. दोन्ही प्रकार एकाच टाकीत दिसत असतील तर खाद्याची एक वेळ वाढवावी.

उकडलेल्या अंड्याचे बलक हा बरण्या दोन्ही सडल्या तरचा उपाय आहे. मोहरीएवढे बलक मलमलच्या कापडात बांधून वाटीभर पाण्यात पिळावे, ते पाणी थोडे थोडे द्यावे आणि तासाभराने तळाचा गाळ काढावा.

सावधान : पहिले पाच दिवस मोठे पाणीबदल करू नयेत. एअर पंपाच्या बारीक नळीने तळातले दहा टक्के पाणी पांढऱ्या बादलीत काढावे, बादलीत आलेली पिल्ले चमच्याने परत सोडावीत आणि नवे पाणी त्याच तापमानाचे करून नळीला गाठ मारून थेंबाथेंबाने सोडावे.

टप्पा ९ : आर्टेमिया

अंडी घातल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवसापासून पिल्ले नुकतीच फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊ शकतात आणि येथून त्यांची वाढ झपाट्याने होते. एक लिटर क्लोरीनविरहित पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ विरघळवावे, चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, त्यात अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी टाकून खालून जोरात हवा सोडावी आणि उजेडात, सुमारे २८ अंशांवर ठेवावे. २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे जीव तयार होतात. हवा बंद केली की रिकामी टरफले वर येतात आणि जीव खाली, उजेडाच्या दिशेने जमतात; तेवढेच नळीने काढून, बारीक कापडात साध्या पाण्याने धुऊन द्यावेत. टरफले पिल्लांच्या पोटात अडकतात, मीठ टाकीत साठते, म्हणून गाळणे आणि धुणे या दोन्हींत आळस करू नये.

गोड्या पाण्यात हे जीव काही तासच जगतात. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. खाल्लेल्या पिल्लाचे पोट नारिंगी दिसते. ज्यांचे दिसत नाही त्यांच्यासाठी इन्फ्युसोरिया आणखी चार-पाच दिवस चालू ठेवावेत, कारण एकाच दिवसाच्या पिल्लांतही लहानमोठे असतेच.

टप्पा १० : वाढ आणि वेगळे करणे

तिसऱ्या आठवड्यापासून बारीक चुरडलेले कोरडे खाद्य आर्टेमियाबरोबर सुरू करता येते. याच वेळी रोज दहा-पंधरा टक्के पाणी बदलण्यास सुरुवात करावी. दीड फुटी टाकीत शंभर पिल्ले महिनाभर चालतात, त्यानंतर नाही. दाटीत वाढलेली पिल्ले खुजी राहतात. मोठी पिल्ले वेगळ्या टाकीत काढली की मागे राहिलेली लहानही वाढीला लागतात. वाकड्या कण्याची किंवा तळाशीच राहणारी पिल्ले पुढच्या पैदाशीला ठेवू नयेत.

जास्त झालेली पिल्ले गिरणेत, पांझरेत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. टाकीतले रोग आणि परके मासे नदीत नेणे हे नुकसान परत भरून येत नाही. दुकानदाराला किंवा ओळखीच्या पाळणाऱ्यांना देण्याची बोलणी अंडी घालण्याआधीच करून ठेवावीत.

रोझी बार्ब आणि गोल्डफिश : काय बदलते

रोझी बार्बची अंडी किंचित चिकट असतात, म्हणून जाळीपेक्षा लोकरीचे झुबके जास्त लागतात. टाकीचा निम्मा भाग झुबक्यांनी भरावा आणि अंडी पडल्यावर मासे काढावेत. नर लालसर आणि मादी हिरवट सोनेरी असल्याने ओळख सोपी आहे. हा मासा २२-२४ अंशांतही अंडी घालतो, त्यामुळे हिवाळ्याच्या सुरुवातीला हीटरवाचून जमतो. अंडी झेब्रापेक्षा लवकर, साधारण दीड दिवसात फुटतात. खाद्याची बरणी त्या हिशेबाने आधी तयार हवी.

गोल्डफिशसाठी अठरा लिटरची टाकी चालत नाही. शंभर लिटरचे टब किंवा सिमेंटचे हौद लागतात. हंगामात नराच्या गालफडांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर पांढरे बारीक दाणे येतात. अनेकजण याला रोग समजून औषध टाकतात. दाणे फक्त याच दोन जागी असतील तर तो पैदाशीचा काळ आहे, अंगभर पसरले असतील तर तो रोग. अंडी घट्ट चिकटतात, त्यामुळे जलपर्णीची मुळे उत्तम. ती आणल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून, दोनदा धुऊन मगच वापरावी, अन्यथा गोगलगायी आणि जळवा बरोबर येतात. अंडी मुळांसकट उचलून वेगळ्या टबात नेता येतात, आईबाप काढण्याची गरज पडत नाही. २१-२२ अंशांना अंडी फुटण्यास चार-पाच दिवस लागतात. पिल्ले झेब्रापेक्षा मोठी असल्याने पोहू लागल्यावर एक-दोन दिवसांतच आर्टेमिया घेतात, म्हणून आर्टेमियाची बाटली अंडी फुटली त्याच दिवशी लावून ठेवावी.